रिपोर्टमध्ये प्रोटीन वाढलं म्हणून आईचे मासे-डाळ बंद करू नका: कोरडे डोळे, कोरडं तोंड आणि सुजलेल्या ग्रंथींविषयी

प्रश्न दापोली तालुक्यातल्या एका मुलीने विचारला आहे. आईचं वय ५१. दोन वर्षांपासून डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही, कानापुढे गालावर अधूनमधून सूज येते आणि आठवड्याभरात उतरते. रत्नागिरीत तपासण्या झाल्या. ईएसआर (अंगातल्या दाहाचा अंदाज देणारी तपासणी) ७८, टोटल प्रोटीन ९.१, ग्लोब्युलिन ५.०, आणि स्वतःच्याच शरीराविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या तीन तपासण्या: आर.ए. फॅक्टर पॉझिटिव्ह, एएनए पॉझिटिव्ह आणि एसएसए-रो ठळक पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी ओठाच्या आतून तुकडा काढून तपासायला सांगितलंय, त्याला आई घाबरली आहे. एका नातेवाइकांनी ‘अंगात प्रोटीन वाढलंय’ असं सांगून मासे, अंडी, डाळी सगळं बंद करायला लावलं. मुलीला विचारायचंय ते असं: जेवण तोडलं ते बरोबर का, कोकणासारख्या दमट हवेत कोरडेपणा येतोच कसा, तुकडा काढायलाच हवा का, आणि पुढे मलाही हे होईल का.

आधी जेवणाचं बोलू, कारण ते आजच सुधारता येईल. मासे, डाळ, अंडी पुन्हा सुरू करा. रिपोर्टमधलं वाढलेलं प्रोटीन ताटातून आलेलं नाही. ९.१ मधून ग्लोब्युलिनचे ५.० वजा केले की अल्ब्युमिन ४.१ उरतं, आणि ते अगदी नेहमीसारखं आहे. वाढलाय तो ग्लोब्युलिनचा भाग. त्यात मोठा वाटा प्रतिपिंडांचा म्हणजे अँटिबॉडींचा असतो आणि त्या शरीरातल्या बी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) बनवतात. तुमची आई महिनाभर नुसत्या पेजेवर राहिली तरी त्या कमी होणार नाहीत. उलट पन्नाशीतल्या, आधीच थकलेल्या बाईची प्रथिनं तोडली की स्नायू झडतात, अशक्तपणा वाढतो आणि मग तो अशक्तपणाही आजाराच्या नावावर जातो. ईएसआर ७८ दिसतोय तोही बऱ्याच अंशी याच ग्लोब्युलिनमुळे. अशा रुग्णांत सीआरपी, म्हणजे दाह मोजणारी दुसरी तपासणी, अनेकदा नॉर्मल असतो. आर.ए. फॅक्टरचंही तसंच. तुमच्या आईला जो आजार असावा असं वाटतं त्या शोग्रेन सिंड्रोममध्ये साधारण निम्म्या रुग्णांत तो पॉझिटिव्ह येतो. केवळ त्या एका ओळीवरून संधिवाताचा शिक्का बसून वर्षानुवर्षं त्याच्या गोळ्या खाणाऱ्या बायका मी पाहत आलो आहे.

तुम्ही लिहिलेलं सगळं एकत्र ठेवलं तर चित्र शोग्रेन सिंड्रोमचं दिसतं. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने १९३३ साली आपल्या प्रबंधात कोरड्या डोळ्यांच्या १९ बायकांचा अभ्यास मांडला. त्यांतल्या बऱ्याच जणींचे सांधेही दुखत होते. डोळे, तोंड आणि सांधे यांच्या मुळाशी एकच आजार असू शकतो, हे त्याने तेव्हाच दाखवून दिलं. एवढी वर्षं उलटली, तरी डोळ्यांसाठी एक डॉक्टर, दातांसाठी दुसरा, सांध्यांसाठी तिसरा अशी एकाच बाईची फाईल फिरत राहते आणि तिन्ही कागद एकत्र कुणी वाचत नाही. दहा रुग्णांत नऊ बायका असतात, बहुतेक चाळिशी ते साठीतल्या, म्हणून ‘पाळी जातेय, व्हायचंच असं’ हे त्यांना हमखास ऐकवलं जातं. मला याचा मनापासून राग येतो, कारण त्या एका वाक्यात दोन-तीन वर्षं सहज वाया जातात.

आता ग्रंथीत काय चाललेलं असतं ते. हे जरा सविस्तर लिहितो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच ठरतात.

लाळग्रंथी आणि अश्रुग्रंथींच्या आत बारीक नळ्या असतात आणि त्यांच्या टोकांना पाणी झिरपवणाऱ्या पेशींचे घोस. पूर्वी समज असा होता की पांढऱ्या पेशी बाहेरून येतात आणि ग्रंथीवर हल्ला करतात. ग्रंथी फक्त मार खाते. आज समजतं ते वेगळं. पहिली हाक ग्रंथीच्या स्वतःच्या अस्तरपेशीच देतात. जन्मजात कल असलेल्या माणसात काहीतरी निमित्त घडतं, विषाणूचा संसर्ग हे त्यातलं एक संशयित, आणि त्या पेशींभोवती इंटरफेरॉन हे प्रथिन वाढू लागतं. शेजारच्या पेशींना विषाणूपासून सावध करणं हे इंटरफेरॉनचं मूळ काम. संसर्ग सरला की हा इशारा थांबायला हवा. शोग्रेनमध्ये तो थांबत नाही.

इशारा चालू राहिला की अस्तरपेशी आणखी प्रथिनं सोडतात. सीएक्ससीएल-१० टी पेशींना (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) ओढून आणतं, सीएक्ससीएल-१३ बी पेशींना. बॅफ नावाचं तिसरं प्रथिन आलेल्या बी पेशींना जगवतं. एरवी ज्या बी पेशी आपोआप मरून गेल्या असत्या, त्याही तगून राहतात. इकडे ग्रंथीतल्या काही पेशी मरताना त्यांच्या आतलं रो हे प्रथिन पृष्ठभागावर येतं. रो आपल्या सगळ्यांच्याच पेशींत असतं, त्यात वाईट काही नाही. पण आता बी पेशी त्यालाच परकं समजून त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतात. आईच्या रिपोर्टमधली एसएसए-रो ती हीच. ही प्रतिपिंडं आणि रोला चिकटलेलं आरएनए यांची जोडी झाली की ती पुन्हा इंटरफेरॉन वाढवते, आणि चक्र स्वतःच्या बळावर फिरत राहतं.

इथे एक गोष्ट आहे जी रुग्णांना क्वचितच सांगितली जाते. ओठातल्या ग्रंथीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की नळ्यांभोवती पांढऱ्या पेशींचे पुंजके दिसतात, पण बाकीची ग्रंथी बरेचदा शाबूत असते. तरीही तोंड कोरडंठाक. म्हणजे कोरडेपणा फक्त पेशी मेल्यामुळे येत नाही. टीएनएफ, इंटरल्युकिन-१ यांसारखी दाहक प्रथिनं मज्जातंतूंचा निरोप ग्रंथीपर्यंत धड पोचू देत नाहीत. पेशीतून पाणी बाहेर पडायची वाट म्हणजे अ‍ॅक्वापोरिन-५ हे प्रथिन. ते पेशीच्या ज्या कडेला हवं तिथे पुरेसं सापडत नाही. विहिरीला पाणी आहे, पंप धड आहे, पण स्टार्टर सारखा ट्रिप होतोय, असा हा प्रकार. म्हणून दिवसाला चार-पाच लिटर पाणी प्यायल्याने लाळ वाढत नाही. फक्त रात्री लघवीला उठावं लागतं. आणि म्हणूनच लवकर उपचार करण्यात अर्थ आहे. वर्षं उलटली की त्याच जागी चरबी आणि कठीण तंतू भरतात, मग जागं करायला पेशीच उरत नाहीत.

डोळ्यांत आणखी एक भर पडते. निरोगी अश्रूत लायसोझाइम, लॅक्टोफेरिन अशी जंतूंपासून राखण करणारी प्रथिनं भरपूर असतात. ग्रंथी आजारी पडली की ती घटतात आणि एमएमपी-९ हे विकर वाढतं, जे बुबुळावरच्या पेशींची एकमेकींवरची पकड सैल करतं. अश्रू कमी असतात आणि असतात तेही बोचरे. नुसत्या पाण्यासारख्या थेंबांनी तासभर बरं वाटतं आणि पुन्हा खुपायला लागतं, ते यामुळे.

हे वाचून कुणी ‘मग या सगळ्या प्रथिनांची रक्ततपासणी करून घेऊ’ म्हणेल. नको. अशी निरोप्या प्रथिनं मोजणाऱ्या महागड्या सायटोकाइन पॅनेलने तुमच्या आईच्या उपचारात आज काहीही बदलणार नाही. एखादं प्रथिन वाढलंय म्हणून ते दाबलं की आजार दबतो, असंही नाही. टीएनएफ वाढलेलं असतं म्हणून त्याला अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब शोग्रेनमध्ये देऊन पाहिलं गेलं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा काही उपयोग दिसला नाही. तेच पैसे पोटॅशियम, क्रिएटिनिन, लघवीची तपासणी, रक्ताची पूर्ण मोजणी, सी-३ आणि सी-४ (प्रतिकारशक्तीची रक्तातली प्रथिनं), प्रथिनांचं इलेक्ट्रोफोरेसिस म्हणजे रक्तातल्या प्रथिनांचे प्रकार वेगळे करून पाहणं, हिपॅटायटिस सी आणि साखर यांवर खर्च करा.

दमट हवेबद्दल. अश्रू आणि लाळ आतून तयार होतात, त्यामुळे बाहेर कितीही दमट असलं तरी ग्रंथीचं बिघडलेलं काम त्याने सुधारत नाही. मात्र दमटपणामुळे अश्रू कमी उडतात. याचा परिणाम असा की किनारपट्टीवर हा आजार थोडा झाकलेला राहतो. पावसाळ्यात बाई म्हणते बरं आहे. दिवाळीनंतर मुलाकडे पुण्याला जाते किंवा मुंबईत एसीच्या खोलीत झोपते, आणि दोन दिवसांत डोळे लालभडक. मग दोष पुण्याच्या हवेला. आजार गावातच सुरू झालेला असतो. त्यात चुलीचा धूर, काजू भाजतानाचा धूर, मोटारसायकलवर मागे बसून लागणारा वारा, रात्रभर तोंडावर फिरणारा पंखा. पंख्याची दिशा बदलणं आणि गाडीवर साधा चष्मा लावणं याला पैसे जवळजवळ लागत नाहीत आणि फरक त्याच आठवड्यात कळतो.

आता तुकड्याचा प्रश्न. तो कदाचित टळू शकेल, असं मला वाटतं. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत गुण मोजतात आणि ४ गुण झाले की शोग्रेन धरतात. एसएसए-रो पॉझिटिव्हला ३ गुण. ओठाच्या तुकड्यात फोकस स्कोअर (पांढऱ्या पेशींच्या पुंजक्यांची मोजणी) १ किंवा जास्त असेल तर ३. शिर्मर चाचणी (अश्रू किती येतात ते मोजणारी) ५ मिलिमीटर किंवा कमी आली तर १, रंग टाकून बुबुळावरची झीज ठरावीक प्रमाणात दिसली तर १, लाळ मिनिटाला ०.१ मिलिलिटर किंवा त्याहून कमी सुटत असेल तर १. तुमच्या आईकडे ३ आहेतच. उरलेला एक गुण डोळ्यांच्या डॉक्टरकडे किंवा अगदी एका मापाच्या कपातही मिळू शकतो.

शिर्मर चाचणी आईला आधी समजावून सांगा, म्हणजे भीती राहणार नाही. पाच मिलिमीटर रुंद, फिल्टर कागदाची बारीक पट्टी असते, तिचं टोक दुमडलेलं. खालची पापणी जरा ओढून ते टोक बाहेरच्या कोपऱ्याकडे आत अडकवतात आणि डोळे अलगद मिटून बसायला सांगतात. पाच मिनिटांनी पट्टी काढून किती मिलिमीटर ओली झाली ते मोजतात. जरा टोचल्यासारखं होतं, एवढंच. लाळेची चाचणी याहून सोपी: काही न खाता, न बोलता, मान पुढे झुकवून १५ मिनिटं कपात लाळ सोडत राहायचं, दीड मिलिलिटर किंवा त्याहून कमी जमली तर लाळ कमी आहे. चाचणीच्या आधी चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवा. सर्दी-खाजेच्या गोळ्या, नैराश्य किंवा दुखण्यासाठी दिलेलं अ‍ॅमिट्रिप्टिलिन, लघवी वारंवार होते म्हणून दिलेल्या काही गोळ्या, ही सगळी तोंड सुकवणारी औषधं आहेत आणि पावसाळ्यात सर्दीची गोळी तर घरोघरी असते.

तरीही डॉक्टरांनी तुकडा हवाच म्हटलं तर त्यामागे कारण असू शकतं: आयजीजी-४ संबंधित आजार, सारकॉइड अशी दुसरी दुखणी याच रूपात येतात. प्रक्रिया छोटी असते. खालच्या ओठाच्या आत भूल देऊन बारीक छेद घेतात, दोन-तीन मिलिमीटरच्या चार-सहा ग्रंथी काढतात, एखाद-दुसरा टाका. काही जणींना त्या जागी बधिरपणा राहतो, बहुधा तात्पुरता. फक्त एक आग्रह धरा: रिपोर्टमध्ये फोकस स्कोअर लिहून हवा. ४ चौरस मिलिमीटर जागेत ५० किंवा अधिक लिम्फोसाइटचे (टी आणि बी पेशींसारख्या पांढऱ्या पेशींचे) किती पुंजके आहेत, हा तो आकडा. नुसतं ‘ग्रंथीला जुनाट सूज’ एवढंच लिहिलेल्या रिपोर्टवरून काही ठरवता येत नाही.

उपचारात डोळ्यांपासून सुरुवात करा. कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून चार वेळांपेक्षा जास्त लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. नाहीतर औषधातलं रसायनच बुबुळाला झोंबतं. आतला दाह कमी करायला सायक्लोस्पोरिनचे थेंब असतात. ते सुरुवातीला चुरचुरतात आणि गुण यायला काही आठवडे जातात. आठव्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून बंद करू नका. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टिरॉइडचे थेंब मात्र कधीही आणू नका. डोळा दोन दिवसांत पांढरा होतो आणि आत काचबिंदू वाढत राहतो.

लाळेसाठी पायलोकार्पिनच्या गोळ्या आहेत, साधारण ५ मिलिग्रॅम दिवसातून तीन-चार वेळा. स्टार्टर हाताने दाबावा तसं त्या उरलेल्या पेशींना काम करायला लावतात. घाम मात्र खूप येतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात तो त्रासदायक ठरतो, म्हणून मी कमी मात्रेपासून चढवत नेतो. आटोक्यात नसलेला दमा आणि ठरावीक प्रकारचा काचबिंदू असेल तर त्या देत नाहीत. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही गोळी सांध्यांसाठी, पुरळासाठी लिहितात, मीही लिहितो. पण त्याने कोरडेपणा जाईल असं सांगून नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या चाचणीत १२० रुग्णांवर ते देऊन पाहिलं, आणि २४ आठवड्यांत कोरडेपणा, दुखणं, थकवा यांत औषध नसलेल्या गोळीपेक्षा फरक पडला नाही. दिलं तर मात्रा वजनाच्या किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवावी आणि डोळ्याचा पडदा नियमित तपासावा.

दात हा या आजारातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. लाळ नसली की कीड भलत्या जागी लागते: हिरडीच्या कडेला, आणि खालच्या पुढच्या दातांना, जिथे एरवी ती सहसा लागत नाही. आपल्याकडे याचं खापर मिश्रीवर फुटतं. मिश्री बंद व्हायलाच हवी, तोंडाच्या कॅन्सरमुळे तर नक्कीच, पण म्हणून कोरडेपणाची तपासणी राहून जाता कामा नये. दर सहा महिन्यांनी दंतवैद्याकडून फ्लोराइडचा लेप लावून घ्या. कोकमाबद्दल नेहमी विचारतात. आंबटाने लाळ सुटते हे खरं, पण दिवसभर घोट-घोट कोकम सरबत पिणाऱ्या कोरड्या तोंडात आम्ल आणि साखर दोन्ही दातांवर बसून राहतात. जेवणाबरोबर वाटीभर सोलकढी खुशाल घ्या, वर पाण्याने चूळ भरा, दात लगेच घासू नका. भाकरी कालवणात कुस्करून खाऊ द्या, तिखट कमी करा. जीभ लाल होऊन भाजल्यासारखी आग होत असेल, ओठांचे कोपरे फाटत असतील तर ती बहुतेक वेळा बुरशी असते. त्यावर महिनोन्‌महिने बी-कॉम्प्लेक्स खाल्लं जातं, आणि हवी असते बुरशीवरची गोळी किंवा जेल.

गालावरची सूज येते आणि जाते, तोवर घाबरू नका. गालगुंड म्हणून लेप लावायचीही गरज नाही. पण एका बाजूची सूज दोन-तीन महिने उतरलीच नाही, हाताला टणक लागली, सोबत वजन घटलं, ताप राहिला किंवा पायांवर लाल-जांभळे ठिपके उठले, तर लगेच सोनोग्राफी आणि पुढची तपासणी करा. या आजारात सतत चेतवलेल्या बी पेशींमधून ५ ते १० टक्के रुग्णांत पुढे लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, होतो. तो बहुधा संथ असतो आणि वेळेत सापडला तर उपचारांना चांगली दाद देतो. सी-४ कमी असेल तर लक्ष जास्त ठेवायचं, म्हणून ती तपासणी वर सांगितली. दुसरी तातडीची गोष्ट पोटॅशियमची. काही रुग्णांच्या मूत्रपिंडातून पोटॅशियम वाहून जातं आणि एके दिवशी सकाळी उठताना पायांत बळच नसतं. अशा वेळी घरात वाट पाहत बसू नका, बाहेरचं काही करत बसू नका. थेट मोठ्या दवाखान्यात न्या आणि ‘शोग्रेन आहे, पोटॅशियम बघा’ हे तिथे आधी सांगा.

राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न. रक्ताच्या नात्यात ऑटोइम्यून आजारांचा, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा आजारांचा, कल थोडा जास्त असतो, पण आईला आहे म्हणून मुलीला होईलच असं मुळीच नाही. बहुतेक मुलींना होत नाही. काही त्रास नसताना उगाच एएनए करून घेऊ नका; निरोगी माणसांतही तो पॉझिटिव्ह निघतो आणि मग झोप उडते. डोळे-तोंड कोरडं, सांधे दुखणं, उन्हाने पुरळ असं काही असेल तर मात्र तपासा. आणि मूल होऊ द्यायचा विचार असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना आईचा आजार सांगून रो प्रतिपिंडाबद्दल विचारा, कारण ही प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात. ज्या बाईच्या रक्तात ती असतात तिच्या बाळाला हृदयाच्या ठोक्यांचा अडथळा होण्याची शक्यता १ ते २ टक्के असते. आधीच्या बाळाला तसं झालं असेल तर पुढच्या वेळी १६ ते १८ टक्के. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने ही पुढची जोखीम बरीच कमी होते, इथे ते औषध खरंच उपयोगी आहे. सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्यात बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी ठरावीक अंतराने करतात. आपल्या भागात ती सगळीकडे होत नाही, तेव्हा तपासणी पॉझिटिव्ह आली तर मुंबई, पुणे की कोल्हापूर हे सोळावा आठवडा लागायच्या आधीच ठरवून तिथली वेळ घेऊन ठेवा.